जेम्स वेबच्या फोटोतल्या लाल ठिपक्याचं वय कसं ठरतं, आणि ते ठाण्यात बसून कसं तपासायचं

प्रश्न असा आहे: "आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवरूनही मोजून पंचवीस-तीस तारे दिसतात. लेक अकरावीला आहे. जेम्स वेबच्या फोटोतला एक अंधुक लाल ठिपका दाखवून सांगतात, की हा प्रकाश साडेतेरा अब्ज वर्षांपूर्वी निघाला. ती विचारते, कशावरून? फोटोतले रंग तरी खरे असतात का? यातलं काही आपण स्वतः करून बघू शकतो, की नुसता विश्वास ठेवायचा?"

लेकीला सांगा, विश्वास ठेवायची गरज नाही. फोटो बघून कुणीही वय सांगू शकत नाही. वय निघतं ते वर्णपटातून: ओळखीच्या रेषा मूळ जागेपासून किती सरकल्या आणि प्रकाश कुठल्या तरंगलांबीला अचानक तुटला, यावरून. ते घरी करून बघायचे दोन रस्ते आहेत. पहिला, वेबचीच मोजमापं फुकट उतरवून लॅपटॉपवर स्वतः गणित करायचं. दुसरा, आठ इंची दुर्बिणीने आणि प्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या एका छोट्या जाळीने (ग्रेटिंगने) एका क्वेसारची, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याची, ताम्रसृती गच्चीवरूनच मोजायची. दोन्ही खाली सांगतो. त्याआधी तत्त्व नीट समजलं पाहिजे, नाहीतर आकडे नुसते आकडेच राहतात.

हायड्रोजन ठाण्यातला असो की विश्वाच्या दुसऱ्या टोकाचा, त्याच्या वर्णरेषा त्याच. लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, हिरवट-निळी ४८६.१ ला, आणि अतिनील भागातली सर्वांत महत्त्वाची लायमन-अल्फा १२१.६ ला. तरुण ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिकांमध्ये ऑक्सिजनची जोडरेषाही ठळक असते, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर. या जोडीत दुसरी रेषा पहिलीच्या साधारण तिप्पट तेजस्वी असते. हे प्रमाण अणूच्या रचनेतूनच येतं, त्यामुळे ते बदलत नाही. प्रकाश प्रवासात असताना अवकाश पसरतं, आणि त्याबरोबर प्रकाशाची लांबीही त्याच पटीत ताणली जाते. मोजलेल्या तरंगलांबीला मूळ तरंगलांबीने भागा आणि एक वजा करा. जे उरतं ती ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट. खगोलशास्त्रज्ञ तिला झेड म्हणतात. ५००.७ नॅनोमीटरची रेषा ३.५ मायक्रॉनवर (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) सापडली, तर भागाकार ७ आणि झेड ६.

हा ताण खरोखर अवकाशाचाच आहे, वाटेत प्रकाश "थकल्याचा" परिणाम नाही, याचा वेगळा पुरावा हवा असेल तर दूरच्या अतिनवताऱ्यांकडे, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांकडे (सुपरनोव्हा), बघावं. एक-ए प्रकारचा अतिनवतारा जवळ असताना जितक्या दिवसांत मंदावतो, त्याच्या दीडपट दिवस तो झेड ०.५ ला घेतो. वीस दिवसांचे तीस होतात. रंगाबरोबर काळही त्याच पटीत ताणलेला दिसतो. प्रकाश नुसता थकत असता तर दिवस वाढले नसते.

झेडवरून काळ काढताना मात्र विश्वाचं प्रतिमान लागतं. त्यासाठीचे आकडे प्रामुख्याने प्लँक या अवकाश दुर्बिणीने केलेल्या पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणाच्या, मोजणीतून आले. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. झेड १ ला ते ५.९ अब्ज वर्षांचं होतं, झेड ६ ला ९३ कोटींचं, १० ला ४७ कोटींचं आणि १४ ला जेमतेम ३० कोटींचं. दहावरून चौदावर जाताना काळ फक्त सतरा कोटी वर्षांनी मागे जातो. विक्रमाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात असू द्या. आणि "साडेतेरा अब्ज प्रकाशवर्षं दूर" असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. प्रकाशाचा प्रवास तेवढा झाला, पण दरम्यान अवकाश पसरल्यामुळे वस्तू आज त्याहून कितीतरी दूर आहे. जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश १३.४ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. ती आज सुमारे ३२ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

आता, हे काम अवकाशातूनच का करावं लागतं? घोडबंदरच्या दिव्यांचा प्रश्न वांगणीला किंवा लडाखला जाऊन सुटतो. हवेचा प्रश्न सुटत नाही. झेड १० च्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश ताणून १.३४ मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे अवरक्तात जातो. तिथे हवेतली वाफ प्रकाश शोषते, आणि हवा स्वतःही चमकते. ३०० केल्विन तापमानाची कुठलीही वस्तू, मग ती हवा असो, दुर्बिणीचा आरसा असो की आपला हात, सर्वाधिक प्रकाशते ती १० मायक्रॉनच्या आसपास. जमिनीवरून ३-४ मायक्रॉनला आकाश अवकाशातल्यापेक्षा हजारो पटींनी उजळ असतं. म्हणून दुर्बीण वर न्यायची, आणि थंडही ठेवायची. २५ डिसेंबर २०२१ ला निघालेली वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत तिचा साडेसहा मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेला बेरिलियमचा आरसा ५० केल्विनच्या आसपास राहतो. मध्य-अवरक्त उपकरणाला तेवढंही पुरत नाही. त्याला वेगळ्या शीतयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवतात.

हबलला हे जमत नव्हतं. तिचा २.४ मीटरचा आरसा खोलीच्या तापमानाला असतो आणि तिची नजर १.७ मायक्रॉनला संपते. तरी डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या जागेकडे दहा दिवस रोखून तिने ३४२ फोटो घेतले, आणि त्या टिकलीएवढ्या जागेत सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. पुढे २००३-०४ मध्ये दक्षिणेकडच्या अश्मंत तारकासमूहात, पूर्ण चंद्राच्या साठ-सत्तराव्या भागाएवढ्या तुकड्यात, सुमारे १०,००० मिळाल्या. हा तुकडा लक्षात ठेवा, तो पुढे दोनदा येणार आहे. तुमच्या गच्चीवरून तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ४३ अंशांवर असतो. दिसणार काहीच नाही, पण बोट दाखवता येतं.

लाल ठिपका सापडतो कसा, ते बघू. विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत दीर्घिकांमधली जागा उदासीन हायड्रोजनने भरलेली होती. लायमन-अल्फापेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाश तो गिळून टाकतो. त्यामुळे अशा दीर्घिकेचा वर्णपट एका ठिकाणी कड्यासारखा तुटतो: अलीकडे शून्य, पलीकडे प्रकाश. झेड १४ ला हा कडा १.८ मायक्रॉनच्या जरा पुढे येतो. वेबच्या कॅमेऱ्यात १.१५ आणि १.५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागा कोरी दिसते, २ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये ठिपका उगवतो आणि २.७७ मध्ये ठसठशीत होतो. कुठल्या फिल्टरपर्यंत वस्तू गायब आहे, यावरून अंदाजे झेड निघतं.

हा नुसता अंदाज असतो, आणि तो सपशेल फसतो. सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेचं. २०२२ मध्ये फिल्टरवरून तिचं झेड १६.४ निघालं, खरं असतं तर विश्व तेव्हा २५ कोटी वर्षांचंही नव्हतं. २०२३ मध्ये वर्णपट घेतला तर झेड निघालं ४.९. झालं काय होतं? ती धुळीने लाल झालेली, पण जोमाने तारे घडवणारी दीर्घिका होती. झेड ४.९ ला ऑक्सिजनची रेषा २.९५ मायक्रॉनवर येते आणि हायड्रोजनची लाल रेषा ३.८७ वर. या दोन जोरकस रेषांनी २.७७ पासून ४.४४ पर्यंतचे फिल्टर नेमके एकाच वेळी उजळले. २ मायक्रॉनच्या अलीकडे धुळीमुळे काही दिसत नव्हतं. परिणामी पलीकडे निळसर प्रकाश आणि अलीकडे कडा, असा हुबेहूब प्राचीन दीर्घिकेचा आभास तयार झाला. रेषा दोन-चार दशांश मायक्रॉन इकडेतिकडे असत्या तर कुणी फसलं नसतं.

दुसरा सापळा जास्त नेहमीचा आहे. वय झालेल्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत ३६४.६ नॅनोमीटरला एक वेगळी पायरी असते, बामर पायरी. झेड ४.१ ला ती १.८६ मायक्रॉनवर येते, म्हणजे झेड १४.३ च्या लायमन कड्याच्याच जागी. फरक एवढाच, की बामर पायरीखाली थोडा प्रकाश उरतो, लायमन कड्याखाली काहीच उरत नाही. म्हणून ०.९ आणि १.१५ मायक्रॉनचे फोटो सर्वांत जास्त वेळ देऊन घ्यावे लागतात. ज्यात काही दिसू नये अशी अपेक्षा आहे, तेच फोटो. तिसरा सापळा आपल्याच आकाशगंगेतल्या तपकिरी खुज्या ताऱ्यांचा. त्यांचे फिल्टरमधले आकडे कधी कधी दूरच्या दीर्घिकेसारखे येतात, पण ते बिंदूएवढे असतात, दीर्घिका किंचित पसरट. शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष आहेत: वैश्विक किरण आदळून उठलेले गोल डाग, कडेच्या ताऱ्यांच्या विखुरलेल्या प्रकाशाचे धुरकट पट्टे, आधीच्या तेजस्वी वस्तूचा डिटेक्टरवर रेंगाळलेला ठसा. एकाच फिल्टरमध्ये दिसणारा ठिपका कधीही खरा मानू नये.

मग वर्णपट. वेबच्या वर्णपटमापकात अडीच लाखांच्या आसपास सूक्ष्म झडपा आहेत, प्रत्येक ०.१ बाय ०.२ मिलिमीटरची. हव्या त्या दीर्घिकांसमोरच्या उघडायच्या, बाकी बंद. शंभरेक दीर्घिकांचे वर्णपट एकदम. काही झडपा कायमच्या अडकल्या आहेत, काहींत शॉर्ट सर्किट होऊन त्या तापतात आणि चमकतात, त्यामुळे निवड करताना त्या टाळाव्या लागतात.

याच यंत्राने जानेवारी २०२४ मध्ये अश्मंतमधल्या त्याच तुकड्याजवळच्या जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचा सुमारे दहा तास वर्णपट घेतला. या ठिपक्याबद्दल बरीच शंका होती, कारण तो अपेक्षेपेक्षा फार तेजस्वी होता आणि अगदी शेजारी एक जवळची दीर्घिका होती. कडा स्पष्ट सापडला, झेड १४.३२ जाहीर झालं. पुढे चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी तिथल्या ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा १.३४ मिलिमीटरवर पकडली, आणि २०२५ मध्ये झेड १४.१८ असं पक्कं झालं. पहिला आकडा थोडा जास्त का आला, हे समजून घेण्यासारखं आहे. दीर्घिकेच्या अवतीभवती हायड्रोजन दाट असेल तर कड्याची धार गोलसर होते आणि लांब तरंगलांबीकडे सरकल्यासारखी दिसते. कड्यावरचं झेड म्हणून नेहमी थोडं वर झुकतं. रेषेला हा रोग नाही. त्याच वर्षी एमओएम-झेड१४ या दीर्घिकेचं झेड १४.४४ मोजलं गेलं.

एवढ्या लवकर इतक्या तेजस्वी दीर्घिका असाव्यात हे वेबच्या आधीच्या प्रतिमानांत बसत नव्हतं. जेड्सच्या त्या ठिपक्याची रुंदी १६०० प्रकाशवर्षांहून अधिक आहे, म्हणजे प्रकाश एखाद्या कृष्णविवराजवळून नव्हे, मुख्यतः ताऱ्यांतून येतोय. आणि ऑक्सिजन आहे याचा अर्थ ताऱ्यांची निदान एक पिढी तीस कोटी वर्षांच्या आत जन्मून, फुटून संपलीही होती. महास्फोटात ऑक्सिजन तयार झाला नाही, तो ताऱ्यांतच शिजतो. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत या विषयात मिळालेली ही सर्वांत भारी माहिती आहे. विक्रमी झेडपेक्षाही ती एक ऑक्सिजनची रेषा जास्त काही सांगते.

कृष्णविवरांचं कोडं तितकंच ताणलेलं आहे. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाचं गुरुत्व भिंगासारखं काम करतं. त्याच्यामागे झेड १० च्या युएचझेड१ दीर्घिकेत वेबने तारे पाहिले, आणि चंद्रा एक्स-रे दुर्बिणीने, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाच्या, तिथूनच क्ष-किरण टिपले. तिथल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या एक ते दहा कोटी पट निघालं, जवळपास तिथल्या सगळ्या ताऱ्यांएवढं. आपल्या आसपासच्या दीर्घिकांत कृष्णविवर ताऱ्यांच्या हजाराव्या भागाएवढं असतं. तारा मरून झालेल्या कृष्णविवराला ४७ कोटी वर्षांत खाऊन-पिऊन एवढं वाढायला वेळच पुरत नाही. म्हणून वायूचे प्रचंड ढग तारा न होता थेट कोसळून जड बीजं बनली असावीत, या कल्पनेला बळ मिळालं. ही कल्पना ज्यांनी बरीच वर्षं लावून धरली त्यांत खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन प्रमुख आहेत.

आपल्याकडचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर फक्त ३८ सेंटिमीटरची अतिनील दुर्बीण आहे. तिने अश्मंतच्या त्याच तुकड्यात झेड १.४२ च्या एका दीर्घिकेतून निघालेला ६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पकडला. ९१.२ नॅनोमीटरखालचा प्रकाश हायड्रोजन अणू फोडू शकतो, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन वेगळा करू शकतो, आणि तो दीर्घिकेतून सहसा बाहेर निसटत नाही. तो निसटतो हे दाखवणं महत्त्वाचं, कारण विश्वातला उदासीन हायड्रोजन पहिल्या अब्ज वर्षांत कुणी फोडला, या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी हे २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. हबलला तिथे हा प्रकाश दिसला नव्हता. आरसा मोठा असला तरी तिच्या डिटेक्टरचा गोंगाट जास्त होता. आरशाच्या आकाराइतकंच डिटेक्टरचं मौन महत्त्वाचं असतं.

विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाबद्दलही बातम्या येतात, त्याचं थोडक्यात: प्लँकचा आकडा ६७.४, हबलने सेफीड या ठरावीक लयीत तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवरून काढलेला ७३ किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं). सेफीडच्या आसपासच्या ताऱ्यांची गर्दी चूक घडवत असेल ही शंका वेबच्या जास्त स्पष्ट फोटोंनी बरीचशी मिटवली. तफावत अजून तशीच आहे.

रंगांबद्दल. वेब जे पाहते ते बहुतेक सगळं डोळ्यांना न दिसणारं आहे, तेव्हा "खरा रंग" हा प्रश्नच तिथे लागू होत नाही. फाईलमध्ये रंग नसतात, प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो. लांब तरंगलांबीच्या फिल्टरला लाल, मधल्याला हिरवा, आखूडला निळा देतात. क्रम प्रामाणिक असतो. फोटोत लाल दिसणारी वस्तू खरोखरच लांब तरंगलांबीत जास्त उजळ असते. ती दूर असल्याने, धुळीमुळे, की म्हातारी असल्याने, हे मात्र रंग सांगत नाही. ताऱ्यांभोवतीची आठ टोकंही दुर्बिणीचीच आहेत, सहा टोकं षटकोनी आरशांमुळे आणि दोन आडवी टोकं पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यामुळे. ज्याला टोकं आहेत ते बहुतेक वेळा आपल्याच आकाशगंगेतले तारे, असं समजायला हरकत नाही.

आता पहिला उद्योग, लॅपटॉपवरचा. वेबची खुली झालेली मोजमापं मास्ट या संग्रहात आहेत, उतरवायला खातंही लागत नाही. पण सुरुवात तिथून करू नका. फाईलींच्या जंगलात मुलं हरवतात. कोपनहेगनच्या डॉन केंद्राचा जेम्स वेब संग्रह आहे, तिथे हजारो वर्णपट साफसूफ करून ठेवलेत. तक्त्यात झेड ५ ते ६.८, ग्रेड ३, आणि ग्रेटिंगच्या रकान्यात प्रिझम अशी गाळणी लावा. ६.८ च्या वर जाऊ नका, कारण हायड्रोजनची लाल रेषा झेड ७ च्या पुढे ५.३ मायक्रॉनच्या, म्हणजे उपकरणाच्या मर्यादेबाहेर जाते. संग्रहाने दिलेलं झेड कागदाने झाका. फिट्स फाईल उतरवा आणि टॉपकॅट या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. त्याला संगणकावर जावा लागतं. तरंगलांबी आडवी, फ्लक्स (प्रकाशाची तीव्रता) उभा, असा आलेख काढा.

सर्वांत उंच शिखराची तरंगलांबी लिहून घ्या. समजा ३.५०६ मायक्रॉन. ही ऑक्सिजनची असेल असं धरून तिला १.३११ ने गुणा: ४.५९६. तिथे दुसरं शिखर आहे का? असलं तर ते हायड्रोजनचं. दोन्हींतलं गुणोत्तर कुठल्याही ताम्रसृतीला १.३११ च राहतं, कारण ताण दोघांवर सारखाच पडतो. आता ३.५०६ ला १.०३० ने भागा, ३.४०४ ला बारीक शिखर मिळालं तर ते हायड्रोजनची ४८६.१ ची रेषा. तीन खुणा जुळल्या, झेड ६.० पक्कं. ४.५९६ ला काहीच नसेल तर उलटं करा: उंच शिखरच हायड्रोजनचं लाल असेल असं धरून १.३११ ने भागून बघा. फक्त एकच शिखर असलेल्या वर्णपटावर निकाल देऊ नये, तो वर्णपट बाजूला ठेवायचा.

इथे चुका कुठे होतात? एक, वेबच्या तरंगलांब्या निर्वातातल्या असतात आणि पाठ्यपुस्तकातल्या हवेतल्या. निर्वातात ऑक्सिजन ५००.८२ आणि हायड्रोजन ६५६.४६. प्रिझमच्या वर्णपटाला हा फरक जाणवत नाही, ग्रेटिंगच्या वर्णपटाला लगेच जाणवतो. दोन, प्रिझमची विभेदनक्षमता साधारण १०० आहे, त्यामुळे ऑक्सिजनची जोडी चिकटलेली दिसते आणि शिखर किंचित निळ्याकडे ओढलं जातं. दीर्घिका झडपेच्या मध्यावर नसेल तरी रेषा थोडी सरकते. दशांशाच्या दुसऱ्या स्थानावर फरक आला तर घाबरू नका. पहिल्या स्थानावर आला तर रेषा चुकीची ओळखली. तीन, वर्णपटाचं द्विमितीय चित्र जरूर बघा. दुर्बीण झडपांत पुढे-मागे हलवून पार्श्वभूमी वजा करतात, म्हणून खऱ्या रेषेच्या वर-खाली काळ्या सावल्या पडतात. सावल्यांशिवाय एकटाच चमकणारा पिक्सेल बहुधा वैश्विक किरणाचा असतो.

फिल्टरमधून गायब होणारा ठिपका डोळ्यांनी बघायचा असेल तर डीएस-नाइन प्रोग्रॅम घ्या. एकाच जागेच्या वेगवेगळ्या फिल्टरच्या फाईली वेगवेगळ्या फ्रेममध्ये उघडा, स्केल झेडस्केलवर ठेवा, फ्रेम मेनूतून आकाशातल्या सहनिर्देशकांवर जुळवा आणि ब्लिंक लावा. या फाईली शेकडो एमबी ते काही जीबीच्या असतात, मोबाईलच्या डेटावर उतरवायला जाऊ नका.

आता गच्ची. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी दूरची वस्तू म्हणजे देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं. ठाण्यातून ती दिसत नाही, कर्जत लोकलने वांगणी गाठून १० बाय ५० ची द्विनेत्री लावली तर दिसते. त्याच्या शेकडो पट पुढची वस्तू मात्र ठाण्यातूनच मोजता येते, कारण कॅमेऱ्याला उजळ आकाशातूनही बिंदू वेगळा काढता येतो. ती म्हणजे ३सी २७३ हा क्वेसार, तेजाची प्रत १२.९, झेड ०.१५८. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये याच्याच वर्णपटात सरकलेल्या हायड्रोजन रेषा ओळखल्या आणि क्वेसार म्हणजे काय याचा उलगडा सुरू झाला. त्याचा प्रकाश निघाला सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी. येऊरचा काळा कातळ तयार व्हायला तेव्हा एकशे नव्वद कोटींहून जास्त वर्षं बाकी होती.

साहित्य: २०० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण, मोटरवर तारा धरून ठेवणारं माउंट, मोनोक्रोम कॅमेरा, आणि फिल्टरसारखी चढणारी स्टार अ‍ॅनलायझर १०० ही जाळी, मिलिमीटरला १०० रेघांची. खोक्यावर "५२५ पट" लिहिलेली ६०-७० मिलिमीटरची दुर्बीण यासाठी घेऊ नका, ती पाय रोवून उभीही राहत नाही. जाळी सेन्सरपासून ६० मिलिमीटरवर आणि पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा असेल तर एका पिक्सेलला ०.६२५ नॅनोमीटर पडतात. क्वेसारमध्ये ४८६.१ ची रेषा ५६२.९ ला जाते, म्हणजे १२३ पिक्सेल सरकते. चुकायला वाव नाही इतका मोठा फरक.

एप्रिलचा मध्य निवडा. कन्या तारकासमूहातला हा बिंदू रात्री साडेअकराच्या सुमारास ७३ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. गॅमा कन्या ताऱ्यापासून वायव्येला पावणेपाच अंश. अकराच्या आधी सुरू करू नका. गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता सोडत असतो, आणि कठड्याखाली एसीची बाहेरची युनिटं असतील तर त्यांची गरम हवा नेमकी दुर्बिणीसमोरून वर जाते. लिफ्टच्या मशीनरूमपासूनही लांब बसा, एक मिनिटाच्या फोटोत तिचा हादरा येतो. तीस ते साठ सेकंदांचे फोटो, पार्श्वभूमी हिस्टोग्रामच्या एक-तृतीयांशापुढे जाऊ न देता, तास-दीड तास घ्या. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेषा वर्णपटात येतील अशी भीती नको: फटीशिवायच्या या पद्धतीत आकाशाचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, नुसता गोंगाट वाढवतो. फोकस मधल्या बिंदूवर, म्हणजे जाळीतून न पसरता सरळ आलेल्या प्रतिमेवर, न करता वर्णपटाच्या पट्टीवर करा. शेजारच्या ताऱ्याची पट्टी वर येत असेल तर जाळी थोडी फिरवा. फोटो एकमेकांवर रचताना सॉफ्टवेअर पट्ट्यांना तारे समजून गोंधळतं. जुळवणीसाठी दोन-तीन तारे हाताने निवडून द्या.

त्याच रात्री, जाळीला हात न लावता, उत्तरा फाल्गुनीचा वर्णपट घ्या. तिच्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक असतात. त्यांवरून पिक्सेल आणि नॅनोमीटरचं नातं बसवा. मग क्वेसारमध्ये रुंद शिखरं शोधा: ४७५, ५०२.६ आणि ५६२.९ च्या आसपास. हायड्रोजनची लाल रेषा सर्वांत जोरकस, म्हणून तिच्याच मागे लागायचा मोह होईल. लागू नका. ती ७६० नॅनोमीटरला येते, आणि नेमक्या त्याच जागी पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश शोषतो. शिवाय ३८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाची दुसरी प्रतिमाही जाळी तिथेच टाकते.

५६२.९ च्या शिखरावरून झेड ०.१५ ते ०.१६५ मध्ये यायला हवं. आलं नाही, तर आधी मधल्या बिंदूचं केंद्र पुन्हा मोजा. दोन्ही वर्णपटांत अंतर त्या बिंदूपासूनच धरलंय ना, हे बघा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.